सील शाबूत

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सीलसाहेब जळालेल्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत एका दारासमोर उकिडवे बसले होते. दार चौकटीत नव्हते. अग्निशमन दलाने आदल्या दुपारी ते बिजागऱ्यांच्या बाजूने उचकटून काढले होते आणि समोरच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. साहेबांच्या एका हातात टॉर्च होता, दुसऱ्या हातात भिंग. वय साठीला टेकलेले, गुडघे कुरकुरणारे, विमा कंपनीत दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची. तरी अशा कामाला ते हाताखालच्या माणसाला पाठवत नसत.

दाराच्या आतल्या अंगाला एक आडवा लोखंडी बोल्ट होता. बोल्टची मूठ आणि शेजारची कडी यांच्यातून एक बारीक तार ओवलेली होती. तारेची दोन्ही टोके शिशाच्या एका गोळीत दाबून बंद केली होती. गोळी नखाएवढी. तिच्या एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला क्रमांक. साहेबांनी रुमालाने काजळी पुसली, क्रमांक वाचला, तपासणीच्या कागदावर उतरवला आणि हाताच्या सवयीने पुढे दोन शब्द लिहिले: सील शाबूत.

लिहून झाल्यावर आपण काय लिहिले ते त्यांनी पाहिले.

कारखाना प्रवासी बॅगांचा होता. आग पुढच्या भागात, फोम कापायच्या टेबलाजवळ लागली होती. शेजारी चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे होते. पुढचा भाग पार कोळसा झाला होता, पण मागच्या भिंतीपर्यंत आग आलीच नाही. तिथल्या रॅकवर तयार बॅगा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत तशाच होत्या, नुसत्या काळ्या पडलेल्या. धूर मात्र आला. सात माणसे या दाराच्या आतल्या बाजूला सापडली. पाच बायका, दोन पुरुष.

अग्निशमन दलाचा अधिकारी साहेबांच्या मागे उभा होता. त्याने वाकून बोल्टला बोट लावले. तार ताणेपर्यंत बोल्ट सुळकन सरकला.

"कुलूप नाही, साहेब. बोल्टला तेलसुद्धा घातलंय कुणीतरी. ही एवढीशी तार माझी नात तोडेल," तो म्हणाला. "यांनी का नाही तोडली?"

सीलसाहेबांनी भिंग खिशात ठेवले. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. ते उत्तर त्यांनीच गावभर शिकवले होते.

त्यांचे खरे नाव कंपनीत फक्त पगारपत्रकावर उरले होते. सील ही कल्पना त्यांची, आणि तिचा उगम विजेच्या मीटरमध्ये होता. ते आठ-नऊ वर्षांचे असताना एकदा घरातले दिवे गेले. फ्यूज मीटरच्या झाकणाआड होता, आणि झाकणाला वीज खात्याची तार आणि शिशाची गोळी होती. वडील स्टुलावर चढले, मेणबत्ती वर धरली, झाकण नीट न्याहाळले आणि खाली उतरले. वडील लोहारकाम करणारे. जाड सळई वाकवणारे हात. पण त्या तारेला त्यांनी बोट लावले नाही. वीज खात्याचा माणूस दोन दिवसांनी आला. तोवर आई, वडील आणि चार मुले अंधारात जेवली. त्या अंधाराचे पुढे काय करता येईल हे त्या पोराला तेव्हा कळायचे कारण नव्हते, पण चित्र डोक्यात पक्के बसले: तारेकडे बघून स्टुलावरून खाली उतरणारे वडील.

ते नोकरीला लागले तेव्हा कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक पंखा आणि थोरले. थोरले म्हणजे संस्थापक. ऑफिसात त्यांचा कुणी धाकटा भाऊ नव्हता, तरी सगळे त्यांना थोरलेच म्हणायचे. ही कंपनी छोट्या कारखान्यांचा विमा उतरवायची आणि चोरीच्या दाव्यांनी तिच्या नाकी नऊ आले होते. मागच्या दाराने माल जायचा आणि पुढच्या दाराने दावा यायचा. पुष्कळदा माल नेणारा आणि दावा करणारा एकच असायचा, पण सिद्ध करणार कसे? थोरल्यांनी मालकांना मोठमोठी कुलपे घ्यायला लावली. किल्ल्या मालकांकडेच असल्यामुळे कुलपांनी काही फरक पडला नाही.

तरुण सर्वेक्षकाने एके दिवशी विजेच्या मीटरची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, मागच्या दाराला कुलूप नको, सील लावू. थोरले हसले.

"अरे, तारेनं चोर थांबतो होय?"

"चोर नाही थांबत. पण तार तुटली की आपण थांबतो. दावा द्यायचाच नाही."

थोरल्यांचे हसू तिथेच थांबले. त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. त्यांना नीट विचार करायचा असला की ते पंखा बंद करत.

योजना अशी: मागचे दार कंपनी सील करणार, त्या बदल्यात मालकाचा हप्ता चौथ्या हिश्श्याने कमी. वर्षाच्या मुदतीत सील तुटले तर विमा रद्द; कुणी तोडले, का तोडले, विचारायचे नाही. या 'विचारायचे नाही'मध्ये सगळी मेख होती. दार रात्री कुणी उघडले यावरून मालक आणि कंपनी एकमेकांच्या उरावर बसायचे, ते थांबले. मालक स्वतःच आपल्या तारेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागले.

पहिल्या वर्षी चोरीचे दावे निम्म्यावर आले, तिसऱ्या वर्षी ते जवळपास संपले. मग बँकांच्या कानावर गेले. माल तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेला याहून काय हवे? सील असेल तर कर्ज, नसेल तर पुढच्या महिन्यात या. कंपनी दोन खोल्यांतून एका मजल्यावर गेली, मजल्यावरून स्वतःच्या इमारतीत. इमारतीच्या माथ्यावर तारेची आणि गोळीची खूण, रात्री दिवा लागणारी. थोरल्यांनी लग्नात घालावा तसा कोट घालून तिचे उद्घाटन केले. सर्वेक्षकाचे सीलसाहेब झाले, विभागप्रमुख झाले, मुख्य व्यवस्थापक झाले. येत्या वार्षिक सभेत थोरले खुर्ची सोडणार आणि ती कुणाला मिळणार याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. एका बाजूला साहेबांचे नाव होते आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हते.

घरी बायको म्हणायची, "अहो, एक गोळी माझ्या तोंडालाही लावा, हप्ता कमी होईल." पाहुण्यांसमोर हे ऐकून साहेब मनापासून हसत. माणूस तसा मोकळा होता. हाताखालच्या लोकांवर आवाज चढवत नसे. कुणाच्या घरी आजारपण निघाले तर न विचारता रजा देत असे.

नवीन तपासनिसांचे प्रशिक्षण ते स्वतः घेत. पहिल्या दिवशी ते दोन तारा टेबलावर ठेवत, एक जाड आणि एक बारीक, आणि विचारत, यातली कुठली लावायची? पोरे जाड तारेकडे बोट दाखवत. मग साहेब जाड तार कचऱ्याच्या टोपलीत टाकत.

"जाड तार लावली की माणसाला ती तोडावीशी वाटते. त्याच्यात आणि तारेत भांडण सुरू होतं. बारीक तारेशी कोण भांडणार? तिला बघितलं की त्याला तार दिसत नाही, आपण दिसतो."

दुसरा धडा कारखान्यात. सील लावताना सगळ्या कामगारांना दारापाशी बोलवायचे आणि समजावून सांगायचे. सुरुवातीची कैक वर्षे हे भाषण साहेब स्वतः करत. ते लहानसे होते आणि तोंडपाठ व्हावे असे बेतलेले होते. सील तुटलं तर मालकाचा विमा गेला. विमा गेला तर बँकेचं कर्ज गेलं. कर्ज गेलं तर कारखाना गेला. कारखाना गेला तर तुमचा पगार गेला. मग एखाद्या कामगाराला पुढे बोलवायचे आणि त्याच्याकडून तेच उलट्या क्रमाने म्हणवून घ्यायचे. लोक हसत, टाळ्या देत, चुकले की पुन्हा म्हणत. असे म्हणवून घेतलेले माणूस विसरत नाही, हा साहेबांचा अनुभव होता.

एकदा एका शिवणकामाच्या कारखान्यात उन्हाळ्यात एक कामगार चक्कर येऊन पडला. मागचे दार त्याच्यापासून चार पावलांवर, पण सील केलेले. सोबत्यांनी त्याला उचलून, यंत्रांच्या रांगांमधून वाट काढत, लांबच्या पुढच्या दाराने बाहेर नेले. माणूस वाचला. थोरल्यांनी हा किस्सा त्या वर्षीच्या सभेत सांगितला. याला म्हणतात विश्वास, असे ते म्हणाले आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सीलसाहेबांनीही वाजवल्या.

कुणी काही विचारले नाही असे नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी अग्निशमन दलाच्या कार्यालयात एक बैठक झाली होती. तिथल्या त्या वेळच्या प्रमुखाने विचारले, आग लागली तर मागच्या दाराचे काय? साहेब म्हणाले होते, दाराला कुलूप नाही, बोल्ट आतून सरकतो, मधे फक्त सूतभर तार आहे. जिवावर बेतल्यावर कुठला माणूस तारेपाशी थांबेल? प्रमुखाला ते पटले. साहेबांनाही पटलेले होते. ते थाप मारत नव्हते. जिवावर बेतले तर माणूस तार तोडतो हे एक, आणि काही झाले तरी माणूस तार तोडत नाही हे दुसरे. ही दोन्ही वाक्ये ते वर्षानुवर्षे बोलत आले होते. फक्त एका खोलीत कधी बोलले नव्हते.

कारखान्यातून ते थेट इस्पितळात गेले. आत असलेल्यांपैकी काहीजण पुढच्या दाराजवळ होते म्हणून सुरुवातीलाच बाहेर पडले. मागच्या बाजूला काम करणाऱ्यांपैकी एकच जण वाचली होती, देखरेख करणाऱ्या बाई. पन्नाशीच्या. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, आवाज धुराने बसलेला. खाटेशेजारी त्यांचा भाऊ बसला होता. त्याने साहेबांना स्टूल दिले आणि आपण खिडकीशी जाऊन उभा राहिला.

साहेबांनी विचारायच्या आधीच बाईंनी सांगायला सुरुवात केली. आदल्या दुपारपासून त्या हेच सांगत असाव्यात. त्यात कुठे अडखळणे नव्हते. धूर दिसला तेव्हा सगळे मागच्या दाराशी गेले. एकाने बोल्टला हात घातला. दुसरी म्हणाली, थांब, सील आहे. तोपर्यंत आग फार मोठी नव्हती, दोन बादल्या मारल्या तर विझेल असे वाटत होते. उगाच सील तुटले आणि आग विझली तर मालक कुणाला धरणार? मग सगळ्यांनी बाईंकडे पाहिले. मालक शेजारच्या इमारतीत बसतो. बाई म्हणाल्या, मी विचारून येते, तुम्ही इथून हलू नका.

"मी पळत गेले, साहेब. पुढच्या दारातून गेले, तेव्हा जाता येत होतं. मालक फोनवर होते. मी हातातला फोन खाली घेतला त्यांच्या. ते लगेच म्हणाले, तोडा. त्यांचा काही दोष नाही. लगेच म्हणाले."

परत आल्या तेव्हा पुढच्या दारातून आत जाता येत नव्हते. त्या गल्लीतून वळसा घालून मागच्या दाराशी गेल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागल्या. तोडा, मालक म्हणालेत तोडा, असे ओरडत राहिल्या. दाराचा पत्रा जागोजागी गंजून फाटलेला होता. हात फाटले ते तिथे.

आतून कुणी ओ दिली नाही.

साहेबांनी विचारले, तुम्ही जाताना स्वतःच का नाही तोडली? विचारण्याचा सूर चौकशीचा नव्हता, पण प्रश्न तोच होता.

बाईंनी त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखे पाहिले. "तुम्हीच सांगून गेला होतात ना? मी पुढे आले होते तेव्हा. उलटं म्हणून दाखवलं होतं मी. एकदाही चुकले नाही."

साहेबांना बाई आठवल्या नाहीत. अशी शेकडो माणसे पुढे आली होती.

खिडकीशी उभा असलेला भाऊ तेव्हा पहिल्यांदा बोलला. बाकीच्या कारखान्यांत पण असंच आहे का, असे त्याने विचारले. त्याची बायको डब्यांच्या कारखान्यात जाते. तिथेही मागे तशी गोळी आहे. साहेब म्हणाले, आज निघतील. सगळी.

हे त्यांनी तोंडदेखले म्हटले नव्हते. गाडीत बसताच त्यांनी तपासनिसांच्या प्रमुखाला फोन केला. शहरात सहाशेच्या वर दारांना सील होते. सीले शाबूत आहेत का पाहायची नेहमीची तपासणी रद्द करा, सगळ्या माणसांना तारा कापायच्या पकडी घेऊन ऑफिसच्या खाली उभे करा, मी अर्ध्या तासात येतो आणि हुकूम देतो. प्रमुखाने विचारले, सगळी दारं? साहेब म्हणाले, सगळी.

थोरल्यांच्या खोलीत कंपनीच्या वकीलबाई आधीच येऊन बसल्या होत्या. थोरले आता ऐंशीच्या पुढे गेलेले, ऐकायला कमी येणारे, पण हवे ते बरोबर ऐकणारे. त्यांनी साहेबांना बसवले, चहा मागवला, आणि पहिला प्रश्न विचारला, सील?

"शाबूत आहे."

"मग दावा मंजूर. आठवड्याच्या आत चेक द्या. मालकाला इथे बोलवा, फोटो काढा. लोकांना कळू दे, आपण शब्द पाळतो."

साहेब म्हणाले, सात माणसे मेली आहेत. थोरले म्हणाले, माहीत आहे, रात्रभर झोप नाही मला. आणि ते खरे असावे; त्यांचे डोळे सुजलेले होते. मग साहेबांनी दारांचे सांगितले. माणसे खाली उभी आहेत, पकडी हातात आहेत, दुपारी तीनपर्यंत सगळी सीले निघतील.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. त्या साहेबांच्या मुलीच्या वयाच्या, बोलणे मऊ, आणि आजवर कंपनीला एकही खटला हरू न दिलेल्या.

"सर, आज सगळी सीलं काढलीत तर न्यायालयात पहिला प्रश्न हाच येईल. का काढलीत? धोका आहे म्हणून. मग हा धोका काल नव्हता का? त्याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही."

"उत्तर नाहीच आहे," साहेब म्हणाले.

"म्हणूनच प्रश्न येऊ द्यायचा नाही."

थोरल्यांनी बँकांचा मुद्दा काढला. सहाशे कर्जांत सीलची अट आहे. सील गेले की अट मोडली. उद्या सकाळी सहाशे मालक खालच्या दारात उभे राहतील, आणि त्यांच्यामागे त्यांचे कामगार. पोटावर पाय कुणाचा पडेल? साहेबांना हे शब्द ओळखीचे वाटले. त्यांचेच भाषण होते, फक्त सुटातल्या माणसाच्या तोंडून.

मग दाराशेजारी पाटी तरी लावू, असे साहेब म्हणाले. आगीच्या वेळी सील तोडावे, विमा रद्द होणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, पाटी म्हणजे तीच कबुली, नुसती मोठ्या अक्षरांत. आणि थोरले हसून म्हणाले, पाटीला तूच नाही म्हणाला होतास. खरेच होते. पंधरा वर्षांपूर्वी अशी पाटी कुणीतरी सुचवली होती तेव्हा साहेबांनीच ती हाणून पाडली होती. पाटी लावली की तार मेली, असे तेव्हा ते म्हणाले होते, आणि पुढे ते वाक्य प्रशिक्षणात घेतले गेले होते.

"हे बघ," थोरले म्हणाले, "सभा तीन आठवड्यांवर आहे. ही खुर्ची तुला मी देतोय. मोडकी द्यायला लावू नकोस मला."

ही धमकी नव्हती. ते काकुळतीला येऊन बोलत होते. साहेबांनी खिडकीतून खाली पाहिले. आवारात तपासनीस उभे होते, निळ्या शर्टांत, हातांत पकडी. काहीजण कठड्यावर बसून गप्पा मारत होते. एकजण पकडीने काडी कापून दात कोरत होता.

साहेबांनी तेव्हाच खाली जाऊन हात वर केला असता तर तीनपर्यंत दारे उघडली असती. खुर्ची गेली असती, कंपनीही कदाचित गेली असती, आणि थोरल्यांनी जन्मभर तोंड पाहिले नसते. हे सगळे त्यांना स्पष्ट दिसत होते. 

पण अडचणीतून वाट काढायची त्यांना तीस वर्षांची सवय होती, आणि सवयीने वाट काढली. ते वळले आणि म्हणाले, काढायची नाहीत. नव्याने लावायची नाहीत. प्रत्येक पॉलिसी वर्षाची असते. मुदत संपेल त्या दिवशी त्या दाराचे सील रीतसर उतरवायचे आणि नव्या पॉलिसीत ती अटच ठेवायची नाही. कुणी विचारले तर म्हणायचे, योजना बदलली. बँकांना वर्षभराचा अवधी मिळतो. वर्षाच्या आत एकही सील राहणार नाही.

वकीलबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. ही कबुली होत नाही, त्या म्हणाल्या. हे नूतनीकरणाचे धोरण झाले. थोरल्यांनी साहेबांचा हात हातात घेतला आणि दाबला.

"म्हणून तुला इतकी वर्षं जवळ ठेवला," ते म्हणाले.

चहा तोवर गार झाला होता. तिघांनी तो तसाच घेतला.

आवारात जाऊन साहेबांनी तपासनिसांना परत जायला सांगितले. आज काही नाही. कुणी कारण विचारले नाही. आजवर साहेबांना कारण विचारायची कुणावर वेळ आली नव्हती. फक्त एका जुन्या तपासनिसाने हात वर केला. आजची तपासणी यात बुडाली, ती भरून कधी काढायची? साहेब म्हणाले, उद्याच्या बरोबर घ्या. तो मान हलवून गेला. पकडी मोजून कपाटात गेल्या. दात कोरणाऱ्याने आपली पकड शर्टाला पुसून मग परत केली.

संध्याकाळी साहेब दिवेलागणीला घरी पोचले. बायकोने बातम्या पाहिल्या होत्या. तिने बूट काढू दिले, पाणी दिले, आणि समोर बसली. एरवी ती कंपनीच्या कामात नाक खुपसत नसे; थट्टा करायची तेवढी करायची आणि सोडून द्यायची.

"अहो, उघडली का ती दारं?"

"उघडतील."

"कधी?"

साहेबांनी योजना समजावून सांगितली. मुदत, नूतनीकरण, बँकांचा अवधी, न्यायालय. नीट क्रमाने सांगितली. तिने मधे एकदाही तोडले नाही.

"म्हणजे नाही उघडली," ती म्हणाली. मग तिने विचारले: "सगळ्यात शेवटी कुठलं उघडेल?"

त्यांना तो कारखाना माहीत होता. गाद्यांचा होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. विमा मागच्याच आठवड्यात उतरवलेला. मोठे गिऱ्हाईक म्हणून सील लावायला ते स्वतः गेले होते, आणि कैक वर्षांनी भाषणही त्यांनीच केले होते. म्हणजे अजून अकरा महिने आणि तीन आठवडे.

"गाद्यांचा म्हणजे फोमच," बायको म्हणाली. "किती माणसं आहेत तिथे?"

साहेबांनी आठवून पाहिले. पॉलिसीत कच्चा माल किती, तयार माल किती, यंत्रे किती, छत कशाचे, भिंती कशाच्या, सगळे होते.

"माणसं लिहीत नाही आम्ही," ते म्हणाले.

बायको उठली आणि आत गेली.  साहेब दिवा न लावता तिथेच बसून राहिले. एकदा त्यांनी फोन हातात घेतला, तपासनिसांच्या प्रमुखाचा नंबर काढला, आणि फोन तसाच पालथा ठेवला.

उद्या चार पॉलिसींची मुदत संपते. त्या चार दारांची सीले दुपारी बाराच्या आत उतरवली जातील. बाकीच्या दारांची तपासणी ठरल्याप्रमाणे सकाळी आठला सुरू होईल. आज राहिलेली दारे त्यात धरलेली आहेत.